साध्या कॅमेऱ्याने संगमरवर

नवशिक्याच्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला जबलपूरसारखं गाव नाही. शहरातच मदनमहालच्या टेकडीवर करड्या ग्रॅनाइटचे अजस्र धोंडे पडले आहेत, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या संगमरवराचे कडे उभे आहेत. करड्या दगडापुढे अगदी स्वस्तातला कॅमेराही हुशार ठरतो. पांढऱ्या दगडापुढे मात्र त्याची त्रेधा उडते. नागपूरहून पाहुणे येतात, भेडाघाट ठरलेलाच असतो, पन्नास-साठ फोटो निघतात, आणि घरी आल्यावर बघावं तर संगमरवर सिमेंटच्या भिंतीसारखा मळकट. मग सगळे कॅमेऱ्याच्या किमतीला दोष देतात. तो दोष किमतीचा नाही. एक बटण कुणी दाबलेलं नसतं, एवढंच. त्या बटणापर्यंत कसं पोहोचायचं, त्याची ही कृती.

साहित्य

पेन्सिल सेलवर चालणारा कुठलाही जुना डिजिटल कॅमेरा, रिचार्ज होणाऱ्या सेलच्या दोन जोड्या, एक एसडी कार्ड, जुन्या धुतलेल्या सुती धोतराचा किंवा साडीचा मऊ तुकडा, एक स्वच्छ प्लास्टिकची पिशवी आणि मूठभर तांदूळ भरून शिवलेली छोटी थैली. तिपाई नको. भेडाघाटचं चौसष्ट योगिनी मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि अशा ठिकाणी तिपाई लावायला परवानगी काढावी लागते. तांदळाच्या थैलीला कुणी हरकत घेत नाही.

कॅमेरा निवडताना

कपाटात पडलेला असेल तर उत्तम. नसेल तर जुना घ्यायला हरकत नाही. कॅननची पॉवरशॉट ए मालिका, निकॉनच्या कूलपिक्सची एल मालिका, कोडॅकची ईझीशेअर सी मालिका हे सगळे याच वर्गातले, आणि यांतले बहुतेक दोन पेन्सिल सेलवर चालतात. हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. कंपनीची खास बॅटरी लागणारा पंधरा वर्षांपूर्वीचा कॅमेरा घेतलात, तर कॅमेरा ठणठणीत आणि बॅटरी मेलेली, असं होतं. कार्डाचंही तसंच. जुन्या ऑलिम्पस आणि फुजीला एक्सडी कार्ड लागायचं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक. आज दोन्ही शोधत फिरावं लागतं. एसडी कार्ड घेणाराच कॅमेरा पाहा.

पैसे देण्याआधी चार गोष्टी तपासा. सेलचा कप्पा उघडा. आत पांढरट-हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर कधीतरी सेल फुटून गळले आहेत. थोडंसंच असेल तर कान कोरायच्या कापसाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसून निघतं, कारण गळलेला अल्कलाइन सेल अल्कधर्मी असतो आणि आम्लाने तो शमतो. वरून स्पिरिटचा बोळा फिरवून कप्पा कोरडा करायचा. पत्र्याची पट्टीच खाल्ली गेली असेल तर तो कॅमेरा परत ठेवा. मग कप्प्याच्या झाकणाची खिट्टी पाहा. या वर्गातल्या कॅमेऱ्यांत ती सगळ्यांत आधी तुटते, आणि मग लोक आयुष्यभर रबर बँड लावून फिरतात. कॅमेरा चालू-बंद करून भिंगाची नळी कुरकुर न करता बाहेर येते आणि आत जाते का, ते ऐका. शेवटी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा, झूम टोकाला नेऊन दुसरा काढा, आणि दोन्ही मोठे करून पाहा. दोन्हींत एकाच जागी काळपट ठिपका असेल तर सेन्सरवर धूळ बसली आहे. ती घरी निघत नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्याकडे फार बघू नका. सहा बाय चार इंचांचा उत्तम प्रिंट काढायला १८०० × १२०० ठिपके पुरतात, म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल. दुकानदार सोळा म्हणतो, तुमच्याकडचा सहाचा असेल, आणि आल्बममध्ये फरक कुणालाही सांगता येणार नाही.

सेल आणि कार्ड

साधे झिंक-कार्बनचे पेन्सिल सेल घड्याळात वर्षभर चालतात आणि कॅमेऱ्यात दहा-पंधरा फोटोंत मान टाकतात. कॅमेरा एका झटक्यात बराच प्रवाह ओढतो, तो या सेलना झेपत नाही. अल्कलाइन जरा बरे. पण खरे उपयोगाचे निकेल-मेटल हायड्राइडचे, रिचार्ज होणारे. त्यांचा दाब १.५ नव्हे, १.२ व्होल्ट असतो. तरी भार पडल्यावर तो टिकतो, म्हणून ते चालतात. दोन्ही जोड्यांवर मार्करने अ आणि ब लिहा. एका जोडीतला एक सेल दुसऱ्या जोडीत गेला की कमजोर सेल चांगल्यालाही घेऊन बुडतो.

कार्ड घेताना कॅमेऱ्याचं वय विचारात घ्या. २००६ च्या आधीचे कॅमेरे सहसा दोन जीबीपर्यंतचंच जुनं एसडी कार्ड ओळखतात. त्यानंतर आलेलं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत जातं. दुकानात आज सर्रास मिळणारं ६४ जीबीचं कार्ड जुन्या कॅमेऱ्यात घातलं की कार्ड एरर येते आणि माणूस कॅमेरा बिघडला म्हणून मोकळा होतो. कार्ड घातल्यावर ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कार्डाच्या डाव्या कडेला बारीकशी खिट्टी असते, ती खाली सरकली असेल तर कार्ड कुलूपबंद आहे. त्यानंतर तारीख आणि वेळ लावा. फोटोच्या फाइलीत ती आपोआप नोंदली जाते, आणि दहा वर्षांनी हे कुठल्या साली गेलो होतो या वादात तीच कामाला येते. फोटोवरच नारिंगी आकड्यांत छापली जाणारी तारीख मात्र बंद ठेवा. ती नेमकी कुणाच्या तरी पदरावर येते.

एकदाच करायची बांधाबांध

मेनूत शिरून हे लावून टाका: चित्राचा आकार सर्वांत मोठा, दर्जा सर्वांत वरचा, डिजिटल झूम बंद, फ्लॅश बंद, टुकटुक आवाज बंद. डिजिटल झूम म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच फोटोचा मधला तुकडा कापून ताणणं. तेवढं घरी बसून आपल्यालाही करता येतं. आयएसओ १०० वर. या कॅमेऱ्यांचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो, सुमारे ६ × ४.५ मिलिमीटर, त्यामुळे आयएसओ ४०० च्या पुढे गेलं की फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो.

आता मुद्द्याचं. कॅमेऱ्याची चकती किंवा मेनू ‘ऑटो’वरून काढून ‘पी’ किंवा ‘मॅन्युअल’वर आणा. नाव मॅन्युअल असलं तरी घाबरू नका, या वर्गात तिथेही बहुतेक कामं कॅमेराच करतो. फरक इतकाच की ऑटोत झाकून ठेवलेलं +/− हे चिन्ह इथे उघडं पडतं. हेच ते बटण. पुढची अर्धी कृती त्याच्यावर आहे.

पहिला धडा: मदनमहाल

सकाळी लवकर टेकडीवर जा. गोंड राजा मदनशहाच्या नावाने ओळखला जाणारा छोटासा किल्ला एका प्रचंड धोंड्यावरच बांधलेला आहे, आणि जवळच एका खडकावर दुसरा खडक जेमतेम टेकून उभा आहे. त्याला गावात सगळे बॅलन्सिंग रॉक म्हणतात. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, घरं पडली, माणसं गेली. हा दगड जागचा हलला नाही.

इथे दोनच गोष्टी शिकायच्या. एक, शटरचं बटण दोन टप्प्यांत दाबणं. अर्धं दाबून थांबा. पडद्यावर हिरवी चौकट येते, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही ठरले. मग पूर्ण दाबा. एका दमात दाबलं तर हा कॅमेरा आधी विचार करतो आणि मग टिपतो, तोवर मूल धोंड्यावरून उतरून गेलेलं असतं. दोन, पकड. मनगटात पट्टी अडकवा, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा, पाठ दगडाला. हात लांब करून पडद्याकडे बघत फोटो काढणं हा हलक्या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. कॅमेरा हलका असला की बोटाच्या दाबानेच तो हलतो.

झूम वापरू नका, चार पावलं पुढे जा. झूम टोकाला नेला की भिंगातून येणारा उजेड या कॅमेऱ्यांत निम्म्याहून कमी होतो, शिवाय हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी होते. बॅलन्सिंग रॉकखाली कुणाला तरी उभं करा, नाहीतर दगड केवढा ते फोटोत कळतच नाही.

इथले फोटो चांगले येतील, आणि ते यावेतच. कॅमेऱ्याच्या मीटरला जगात एकच रंग ठाऊक असतो: मध्यम करडा. समोर काय आहे ते त्याला कळत नाही, फक्त उजेड किती येतोय ते कळतं, आणि तो सगळं त्या करड्यावर आणून ठेवतो. मदनमहालचा ग्रॅनाइट मुळातच साधारण त्याच छटेचा, म्हणून मीटरचा हिशेब बरोबर सुटतो.

दुसरा धडा: भेडाघाट

पंचवटी घाटावरून नाव घ्यायची. पावसाळ्यात नावा बंद असतात, तेव्हा हिवाळा बरा. नाव अरुंद दरीत शिरली की नावाडी यमकं जुळवत सुरू होतो. त्याच्या गोष्टी जरूर ऐका, पण तो बोट दाखवील तिकडे सगळ्यांनी एकदम उभं राहून वळायचं नाही. बंदरकुदनीजवळ दोन्ही कडे इतके जवळ येतात की माकडं एका काठावरून दुसऱ्यावर उडी मारत असत म्हणे.

आता मीटर. उन्हात न्हालेला पांढरा कडा पडद्यावर काठोकाठ भरला की कॅमेऱ्याला उजेड फार वाटतो, आणि तो फोटो काळवंडून संगमरवराचा ग्रॅनाइट करून टाकतो. अशा वेळी +/− उघडा आणि + २/३ वर न्या. एक फोटो काढा, तळहाताची सावली करून पडद्यावर बघा, अजून मळकट वाटला तर + १. त्यापुढे जाऊ नका. पांढऱ्यातल्या निळसर, पिवळट शिरा एकदा उजेडात वाहून गेल्या की त्या फाइलीत उरत नाहीत, कुठल्याही सॉफ्टवेअरने त्या परत येत नाहीत.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. फसतात ते पुढच्या वळणावर. दरी अरुंद, कडे सुमारे शंभर फूट उंच. त्यामुळे सकाळी किंवा दुपार कलल्यावर एक कडा उन्हात असतो आणि दुसरा गडद सावलीत, खाली पाणी काळसर हिरवं. फोटोत तीन हिस्से अंधार आणि एका कडेला उन्हाची पट्टी. मीटरला आता उलटं वाटतं, अंधार फार आहे. तो सगळं उजळवतो आणि उन्हातला संगमरवर कागदासारखा कोरा पडतो. मघाचाच दगड, मघाचंच ऊन, पण या वेळी − २/३ हवं. म्हणजे दगड पांढरा म्हणून अधिक, असा नियम पाठ करून चालत नाही. चौकटीत जास्त जागा कुणी व्यापली आहे ते बघायचं: पांढऱ्याने व्यापली असेल तर अधिक, काळोखाने व्यापली असेल तर उणे. एवढं एकदा डोळ्यात बसलं की लग्नातली पांढरी टोपी, काळी पैठणी आणि खिडकीपाशी बसलेली आजी हे सगळं याच हिशेबात सुटतं.

सावलीतला संगमरवर फोटोत निळा दिसतो. व्हाइट बॅलन्समध्ये ढगाचं चिन्ह निवडा, निळेपणा उतरेल. उन्हात आल्यावर ते परत सूर्याच्या चिन्हावर आणायला विसरू नका.

भर दुपारीच पोहोचलात आणि रंग सगळे विटलेले वाटले, तर मेनूत कृष्णधवलची सोय असते, ती लावा. राधू कर्माकर हे राज कपूरचे छायाचित्रकार. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या १९६० च्या ‘जिस देश में गंगा बहती है’मध्ये हेच कडे दिसतात, आणि तो चित्रपट कृष्णधवल आहे. संगमरवराला त्यात काही कमी पडलेलं नाही.

नाव हलते, म्हणून टायमर इथे कामाचा नाही. नावाड्याने वल्ही मारली की नाव झेप घेते आणि मग क्षणभर नुसती तरंगते. बटण अर्धं दाबून ठेवा आणि त्या तरंगण्यात पूर्ण दाबा. पट्टी मनगटात आहे ना, तेही पाहा. नर्मदेने परत दिलेला कॅमेरा ऐकिवात नाही.

धुआंधार धबधब्याला जाताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत, भिंगापुरतं भोक पाडून. तुषार फार लांबवर येतात. भिंगावर थेंब पडला तर सुती तुकड्याने टिपा, घासू नका. आणि नळी ओली असताना कॅमेरा बंद करू नका, कारण नळी आत जाताना पाणीही आत ओढून नेते. आधी पुसायचं, मग बंद. ऊन तुमच्या पाठीशी आणि बरंच खाली असेल तर तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. त्यासाठी − १/३ ठेवलं तर रंग गडद येतात. मासिकांत दिसतं तसं रेशमासारखं पाणी मात्र दिवसाउजेडी या कॅमेऱ्याकडे मागू नका. त्याचं शटर तितका वेळ उघडं राहत नाही.

वर चौसष्ट योगिनीला चढून जा. दहाव्या शतकातलं, कलचुरींच्या काळातलं हे गोलाकार आवार. नाव चौसष्टचं, पण भिंतीतल्या देवळ्या एक्क्याऐंशी. मूर्ती भंगलेल्या आहेत, तरी दागिन्यांचं काम शाबूत आहे. इथे समोरून फ्लॅश मारला की सगळं चपटं होतं. कडेने ऊन येणाऱ्या बाजूच्या मूर्ती निवडा, तांदळाची थैली कठड्यावर ठेवा, तिच्यात कॅमेरा रुतवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या.

पौर्णिमेच्या रात्री नावेतून संगमरवर बघायची हौस सगळ्यांनाच असते. त्या रात्री कॅमेरा घरी ठेवा. पूर्ण चंद्राचा उजेड उन्हाच्या सुमारे चार लाख पटींनी कमी असतो, आणि त्यात तुम्ही हलत्या नावेत बसलेले.

संध्याकाळ, ग्वारीघाट

नर्मदेच्या आरतीला थोडं आधी जाऊन पायऱ्यांवर जागा धरा. आयएसओ ४००, फ्लॅश बंद, +/− उणे एकवर, व्हाइट बॅलन्स सूर्याच्या चिन्हावर. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा दिव्यांचा पिवळेपणा धुऊन टाकायला बघतो. कॅमेरा थैलीवर. पुजाऱ्याच्या हातातली दीपमाळ गोल फिरत असते, पण वर गेल्यावर, खाली वळायच्या आधी, ती पळभर थांबते. दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघा आणि ताल पकडा. थांबण्याच्या किंचित आधी बटण पूर्ण दाबा. तोवर ते अर्धं दाबलेलंच असलं पाहिजे. पाठीमागची माणसं हललेली आली तरी ज्योती ठाम येतात. नदीत स्नान करणाऱ्यांकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे सांगायला नको.

आणखी एका ठिकाणी तो वळवायचा नाही. जबलपूरच्या कित्येक मराठी घरांत आजोबा नाहीतर काका तोफगाडी कारखान्यात, खमरियाला किंवा व्हेइकल फॅक्टरीत होते, त्यामुळे ते फाटक घरचंच वाटतं. १९०४ पासूनच्या तोफगाडी कारखान्याचं फाटक असो की छावणीतली एखादी देखणी जुनी इमारत, ‘छायाचित्रण निषिद्ध’ अशी पाटी दिसली की कॅमेरा खिशात. आजोबांच्या आठवणीसाठी त्यांचा आणि त्यांच्या जुन्या ओळखपत्राचा फोटो घरी, खिडकीशी काढा.

घरी आल्यावर

कार्ड काढून कार्ड-रीडरने संगणकावर उतरवा. वायरने उतरवताना कॅमेऱ्याचे सेल खर्ची पडतात, आणि मधेच ते संपले तर कार्डावरच्या फाइली बिघडू शकतात. फोल्डरला तारीख आणि ठिकाण असं नाव द्या. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर काढा. दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावरच कार्ड फॉरमॅट करायचं. कॅमेरा महिनाभर लागणार नसेल तर सेल बाहेर काढून ठेवा. घेताना ज्या बुरशीला नाकं मुरडली, ती अशीच तयार होते.

प्रिंट काढायला देताना एक अडचण ठरलेली असते. या कॅमेऱ्यांचा फोटो चारास तीन या प्रमाणाचा, आणि स्टुडिओतला सहा बाय चारचा कागद तीनास दोन. कागद भरायचा तर फोटोच्या उंचीतला नववा हिस्सा कापला जातो, आणि तो बहुधा मागच्या रांगेतल्या काकांच्या डोक्यावरून जातो. म्हणून घोळक्याचा फोटो काढतानाच डोक्यांवर आणि पायांखाली बोटभर जागा सोडा. आधीच काढलेला असेल तर स्टुडिओवाल्याला सांगा, ‘भैया, पूरा फ्रेम चाहिए, काटना मत’. कडेला पांढरी पट्टी येईल, ती चालते.